एका बॉक्सवर अनेक टीव्ही: चित्र परत परत जातं, त्याचं मूळ कुठे शोधायचं

"कालच तुमी नीट करून गेलासा, आज तीन नंबरचा टीव्ही परत गेला की वो."

कोल्हापुरात जो कुणी मंगल कार्यालयांची, हॉटेलांची, तालीम-मंडळांची टीव्ही जोडणीची कामं करतो, त्याला हे वाक्य पाठ असतं. एक सेट टॉप बॉक्स किंवा लॅपटॉप, त्याला एचडीएमआय स्प्लिटर, म्हणजे एकच चित्र अनेक टीव्हींना वाटणारी डबी, आणि तिथून चार, सहा, आठ पडदे. लावून दिलं त्या दिवशी सगळं झकास. मग कधीतरी एक पडदा काळा पडतो, किंवा सगळे एकदम दोन सेकंद जाऊन येतात, किंवा चित्र राहतं आणि आवाज जातो. कुणीतरी मेन स्विच बंद करून चालू करतं, सगळं परत येतं आणि 'झालं नीट' म्हणून माणसं कामाला लागतात. नेमकं मुहूर्ताच्या वेळी किंवा पेनल्टी किकच्या वेळी ते परत जातं.

बंद-चालू केल्यावर चित्र येत असेल तर एक गोष्ट जवळपास पक्की धरा. टीव्ही जळलेला नाही आणि तार पूर्ण तुटलेली नाही. बिघाड आहे तो उपकरणांच्या आपसातल्या बोलण्यात, नाहीतर त्या बोलण्याला जेमतेम पुरणाऱ्या तारेत किंवा अडॅप्टरमध्ये. लोक इथे थेट नवा स्प्लिटर आणतात. तो लावताना सगळं पुन्हा पहिल्यापासून जुळतं, म्हणून काही दिवस चालतं आणि तक्रार परत येते. पैसे जातात ते याच पायरीवर.

तारेतून बोलणं दोन्ही बाजूंनी चालतं

पूर्वी केबलवाल्याची एकच वायर यायची. ती फोडून चार खोल्यांत फिरवली की काम झालं. सिग्नल अशक्त झाला तर पडद्यावर मुंग्या दिसायच्या, पण मुंग्यांच्या आड का होईना, चित्र असायचं. एचडीएमआयमध्ये ही सवलत नाही. २००२ साली आलेल्या या जोडणीच्या नेहमीच्या जॅकमध्ये १९ पिना असतात. चित्र आणि आवाज नेणाऱ्या तारांच्या जोड्या त्यात आहेतच. बाकीच्या पिनांवर मात्र सवाल-जवाब चालतात. १८ नंबरच्या पिनेवर बॉक्स ५ व्होल्ट देतो. ते पोचले की टीव्ही १९ नंबरच्या पिनेवरून आपण हजर असल्याचं कळवतो. मग १५ आणि १६ नंबरच्या पिनांवरून बॉक्स टीव्हीची माहिती वाचतो: कोणतं रिझोल्युशन चालतं, सेकंदाला किती फ्रेम चालतात, आवाज स्टिरिओ हवा की ५.१. या माहितीला ईडीआयडी म्हणतात, आणि ती सहसा २५६ बाइटमध्ये मावते. त्यानंतर एचडीसीपी, म्हणजे चॅनलची नक्कल होऊ नये म्हणून ठेवलेली किल्ली, तपासली जाते. हे सगळं जुळलं तरच पडद्यावर काहीतरी दिसतं.

स्प्लिटर या बोलण्याच्या मधोमध बसतो. बॉक्सशी तो टीव्ही असल्यासारखा बोलतो आणि टीव्हींशी बॉक्स असल्यासारखा. आठ टीव्हींची उत्तरं आली तरी बॉक्सला तो एकच उत्तर देऊ शकतो. परत परत येणाऱ्या तक्रारींचा मोठा वाटा इथेच आहे.

याच कारणाने अडॅप्टर नसलेली, एका टोकाला एक आणि दुसऱ्या टोकाला दोन जॅक असलेली स्वस्तातली वाय-आकाराची तार घेऊ नका. तिच्यात चिप नसते, तारा नुसत्या एकमेकींना जोडलेल्या असतात. दोन्ही टीव्ही चालू असले की दोघांचीही उत्तरं एकाच पत्त्यावरून, एकाच वेळी येतात आणि बॉक्सला काहीच कळत नाही. एक टीव्ही बंद ठेवला की दुसरा व्यवस्थित चालतो, म्हणून दुकानात ती तार चांगली वाटते.

आधी कागद आणि पेन

स्क्रू ड्रायव्हर काढण्याआधी स्प्लिटरजवळ एक कागद चिकटवा. चित्र गेलं की तिथल्या माणसाने तीनच गोष्टी लिहायच्या: किती वाजता गेलं, कोणता टीव्ही गेला, आणि त्या मिनिटाला कुणी काय चालू किंवा बंद केलं होतं. तिसरी गोष्ट सगळ्यात मोलाची. "आपोआप गेलं" असं सांगणाऱ्याला शांतपणे परत विचारलं की बहुधा कळतं, कुणीतरी दुसऱ्या हॉलमधला टीव्ही रिमोटने बंद केला होता, किंवा खाली भटारखान्यात मोठा मिक्सर सुरू झाला होता. हॉटेलात पोरांना विचारा, मालक गल्ल्यावर असतात, त्यांना ठाऊक नसतं.

पुढचं सगळं या कागदावर अवलंबून आहे. एकच पडदा जातो की सगळे एकदम जातात, यावरून वाट बदलते.

सगळे पडदे एकदम जाऊन येत असतील

एखादा टीव्ही चालू किंवा बंद केला की बाकीचेही दोन-तीन सेकंद काळे पडतात. ही सगळ्यात जास्त दिसणारी तक्रार. टीव्ही झोपला किंवा उठला की १९ नंबरच्या पिनेवरची पातळी बदलते. ती १०० मिलिसेकंद किंवा जास्त वेळ खाली गेली की 'माझी माहिती पुन्हा वाचा' असा तिचा अर्थ होतो. साधा स्प्लिटर ही हाक तशीच बॉक्सपर्यंत पोचवतो. बॉक्स चित्र थांबवतो, सगळ्यांची माहिती नव्याने घेतो आणि मग पुन्हा सुरू करतो. आठ टीव्ही असलेल्या हॉटेलात दिवसातून कितीतरी वेळा कुणीतरी कुठलातरी टीव्ही बंद-चालू करतो.

यातूनच दुसरी तक्रार येते. सगळे ४के टीव्ही असताना अचानक सगळीकडे चित्र धूसर दिसायला लागतं. कारण शोधायला गेलं की वरच्या मजल्यावर १२८० बाय ८०० चा जुना प्रोजेक्टर कुणीतरी चालू केलेला सापडतो. बरेच स्प्लिटर सगळ्यांना झेपेल असं सगळ्यात खालचं उत्तर बॉक्सला देतात. पंगतीत एकाला तिखट सोसत नाही म्हणून सगळ्यांचा तांबडा रस्सा अळणी करावा, तसं हे होतं. दुसऱ्या जातीचे स्प्लिटर फक्त पहिल्या आउटपुटवरच्या टीव्हीचं ऐकतात. त्या जागी भारीतला टीव्ही असेल तर बॉक्स ४के पाठवतो, आणि ज्यांना ते झेपत नाही ते काळे राहतात किंवा 'सिग्नल नाही' दाखवतात.

आपला स्प्लिटर कोणत्या जातीचा, हे पाच मिनिटांत कळतं. सगळे टीव्ही चालू असताना बॉक्सच्या सेटिंगमध्ये कोणतं रिझोल्युशन जातंय ते बघा. मग पहिल्या आउटपुटची तार काढा आणि पुन्हा बघा. मग ती लावून दुसऱ्या एखाद्या टीव्हीची काढा. कुठली तार काढल्यावर आकडा बदलतो ते लिहून ठेवा.

उपाय एकच आणि तो टिकतो: बॉक्सला मिळणारं उत्तर कायमचं ठरवून टाका. चांगल्या स्प्लिटरला डिप स्विच, म्हणजे नखाने सरकवायचे बारीक खटके, किंवा ईडीआयडी नावाचं बटण असतं. ते '१०८०पी, स्टिरिओ' वर, म्हणजे फुल एचडी चित्र आणि साधा दोन स्पीकरचा आवाज यावर, ठेवा. मग कुणी कोणताही टीव्ही बंद करो, बॉक्सला नेहमी तेच उत्तर मिळतं आणि त्याला नव्याने बोलणी करावी लागत नाहीत. स्प्लिटरला अशी सोय नसेल तर बॉक्स आणि स्प्लिटरच्या मध्ये ईडीआयडी एम्युलेटर नावाची छोटी डबी बसते, तिचं काम हेच. तीही मिळत नसेल आणि स्प्लिटर पहिल्या आउटपुटचं ऐकणारा असेल, तर सगळ्यात कमी झेपणारा आणि कधीच बंद न होणारा टीव्ही त्या आउटपुटवर लावा. ही तडजोड आहे, पण चालते.

१०८०पी मुद्दाम सांगतोय. हॉलच्या दुसऱ्या टोकाहून बघणाऱ्याला ४के आणि १०८०पी यातला फरक दिसत नाही, तारेला मात्र तो फार जाणवतो. १०८०पी ६० ला, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम असतील तेव्हा, सेकंदाला सुमारे ४.४६ गिगाबिट लागतात, ४के ६० ला त्याच्या चौपट, सुमारे १७.८२ गिगाबिट. मालकांचा ४के चा आग्रहच असेल तर प्रत्येक आउटपुटवर वेगळं रिझोल्युशन देणारा, आत स्केलर असलेला स्प्लिटर घ्या. तो महाग असतो, पण त्याने एक जुना प्रोजेक्टर आणि सहा नवे टीव्ही एकत्र नांदतात.

रिमोटचं वेगळंच. एका टीव्हीचं बटण दाबलं की बॉक्सही बंद होतो आणि त्यामुळे सगळे पडदे जातात, असं असेल तर ते १३ नंबरच्या पिनेचं, म्हणजे सीईसीचं (एका रिमोटने जोडलेली दुसरी उपकरणंही चालवण्याच्या सोयीचं) काम. प्रत्येक टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन सीईसी बंद करा. कंपन्या त्याला आपापली नावं देतात, पण मेनूत 'एचडीएमआय कंट्रोल' अशासारखं काहीतरी सापडतं. त्याच मेनूत वीज वाचवण्यासाठी आपोआप बंद होण्याची वेळ असते, तीही काढून टाका.

फ्रीज, लिफ्ट, मोटर

कागदावरच्या वेळा कुठल्याच टीव्हीच्या बंद-चालूशी जुळत नसतील तर विजेकडे बघा. फ्रीजचा कॉम्प्रेसर, पाण्याची मोटर, लिफ्ट सुरू होताना लाइनवर झटका बसतो, आणि जेमतेम चाललेली जोडणी तेवढ्याने तुटून पुन्हा जुळते. उद्यमनगरात एखाद्या कारखान्याच्या कार्यालयात टीव्ही लावले असतील आणि शेजारी वेल्डिंग चालत असेल तर हे रोजचंच होतं. बॉक्स, स्प्लिटर आणि नेटवर्क स्विच एका चांगल्या यूपीएसवर घ्या आणि त्यांचा पॉइंट मोटरच्या लाइनवरून काढा.

पण त्याआधी स्प्लिटरचा अडॅप्टर तपासा, कारण गुन्हेगार पुष्कळदा तोच निघतो. बहुतेक स्प्लिटर ५ व्होल्टवर चालतात. अडॅप्टर काढून नुसताच मीटरला लावला तर तो ५ व्होल्ट दाखवतोच. सगळे आउटपुट चालू असताना, भार असताना मोजा. ४.६, ४.५ वर आला असेल तर शेवटचे एक-दोन टीव्ही का पडतात ते कळलं. फॉल सीलिंगच्या वर किंवा बंद लाकडी पेटीत ठेवलेले अडॅप्टर एप्रिल-मे महिन्यांत तापून अशक्त होतात आणि पावसाळ्यात नीट चालतात, मग लोक म्हणतात 'उन्हाळ्यात टीव्ही बिघडतो'. बदलताना व्होल्टेज तंतोतंत तेवढंच घ्या, अँपिअर थोडं जास्त चालेल. १२ व्होल्टचा अडॅप्टर ५ व्होल्टच्या स्प्लिटरला लावला तर धूर निघतो. दोन्हींची पिन बरेचदा सारखीच बसते, म्हणून अडॅप्टरवर रंगीत टेप गुंडाळून ठेवा.

एकच पडदा जात असेल

आता स्प्लिटरच्या दोन आउटपुटच्या तारा आपसात बदला. तीन नंबरची तार चारमध्ये, चारची तीनमध्ये. अजूनही तोच टीव्ही जात असेल तर दोष तारेत किंवा टीव्हीत आहे. दुसरा टीव्ही जायला लागला तर स्प्लिटरचं ते आउटपुट गेलं. एवढी एक अदलाबदल न करता भिंत फोडायला सुरुवात करू नका.

तार दोषी असेल तर ती बहुधा आधी खुणा दाखवते. पडद्यावर पांढरे बारीक ठिपके चमकणं म्हणजे सिग्नल काठावर आलेला आहे. हे ठिपके गडद दृश्यात आधी दिसतात. साध्या तांब्याच्या एचडीएमआय तारेवर १०८०पी साठी १० मीटरच्या पुढे, आणि ४के ६० साठी ५ मीटरच्या पुढे भरवसा ठेवू नका. टीव्हीच्या मागे जॅकला कुलूप नसतं. भिंतीला चिकटून लावलेल्या टीव्हीमागे जाड तार वाकवून दाबली की जॅक हळूहळू तिरपा होतो आणि मग पंख्याच्या हादऱ्यानेही चित्र जातं. तिथे काटकोनी जोड किंवा हातभर मऊ, बारीक तार वापरा आणि वजन पट्टीला बांधा, जॅकवर टांगू नका. फायबरची एचडीएमआय तार लांबवर छान चालते, पण तिला दिशा असते. एका टोकावर 'सोर्स' आणि दुसऱ्यावर 'डिस्प्ले' लिहिलेलं असतं. ती पाइपातून ओढण्याआधी टोकं दोनदा वाचा.

लांब अंतराला आपल्याकडे कॅट ६ वरून, म्हणजे नेटवर्कच्या आठ तारांच्या केबलवरून, चित्र पुढे नेणारा एक्स्टेंडर लावतात. एक्स्टेंडर या एकाच नावाखाली तीन निराळ्या वस्तू विकल्या जातात आणि गोंधळ तिथूनच होतो. पहिली, दोन कॅट तारा लागणारी, अगदी स्वस्त डबी: ती छोट्या अंतरापुरती आणि भरवशाची नाही. दुसरी, एचडीबेसटी: चांगल्या कॅट ६ वर १०० मीटरपर्यंत नेणारे संच आहेत, उशीर जवळपास नाही, पण ती नेटवर्क नाही. तिची तार नेटवर्क स्विचमध्ये घातली तर काही चालणार नाही. तिसरी, चित्र दाबून नेटवर्कच्या पाकिटांतून पाठवणारी: ती स्विचमधून जाते, पण चित्र उशिरा पोचतं. खोक्यावर यातलं काय लिहिलंय ते बघूनच घ्या.

तारेचा दर्जा बघण्यासाठी टोक ब्लेडने खरवडा. आत पांढरट चकाकी दिसली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तार आहे. बाजारात ती कॅट ६ म्हणून सर्रास मिळते, वजनाला हलकी आणि दराला गोड. तिचा रोध तांब्यापेक्षा जास्त असतो, त्याच तारेवरून पलीकडच्या डबीला वीज द्यायची असेल तर ती शेवटपर्यंत पुरत नाही, आणि क्रिम्पिंगजवळ, म्हणजे टोकाला जॅक दाबून बसवतात तिथे, ती तुटते.

आणि क्रिम्पिंग. टेस्टरवर आठही दिवे क्रमाने लागतात, तरी चित्र तुटतं, अशा वेळी रंगांचा क्रम डोळ्यांनी बघा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. काही जण दोन्ही टोकांना 'जोडीला जोडी' असा सरळ क्रम लावतात. टेस्टरला तो बरोबरच वाटतो, कारण टेस्टर फक्त या टोकाची तार त्या टोकाला पोचली का ते बघतो. पण ३ आणि ६ नंबरच्या तारा एकमेकींत पिळलेल्या राहत नाहीत, आणि वेगवान सिग्नलला तो पीळच सांभाळत असतो. दोन्ही टोकं कापून नव्याने मारा. दहा मिनिटांचं काम आहे.

इमारतीबाहेर, लॉनवरच्या पडद्यापर्यंत तांब्याची तार नेऊ नका. वळवाच्या पावसात वीज जवळ कुठेही पडली तरी त्या तारेवरून झटका आत येतो आणि बॉक्सपासून स्प्लिटरपर्यंत सगळे पोर्ट मारतो. दोन इमारतींमध्ये फायबरच घाला.

चॅनल दिसत नाही, पेन ड्राइव्ह दिसतो

पेन ड्राइव्हवरचा लग्नाचा व्हिडिओ सगळीकडे दिसतो आणि मॅचचा चॅनल लावला की दोन पडदे काळे, किंवा एचडीसीपीचा संदेश येतो. मग तार आणि अडॅप्टर सोडून द्या, हा किल्लीचा प्रश्न आहे. साखळीतलं एक जुनं उपकरण पुरेसं असतं. बॉक्स एचडीसीपी २.२ मागत असेल आणि मधला स्प्लिटर १.४ पर्यंतचाच असेल तर पुढे चित्र जात नाही. बॉक्सचं आउटपुट १०८०पी केल्यावर बऱ्याच वेळा १.४ वर भागतं, म्हणून आधी ते करून बघा. स्प्लिटरला स्प्लिटर, त्याला अजून एक स्प्लिटर अशी रांगही लावू नका. जुन्या एचडीसीपीत ७ पायऱ्या चालतात, नव्यात ४, आणि काही बॉक्स स्वतःहून त्याहून कमी उपकरणं मान्य करतात. एकच मोठा स्प्लिटर घ्या.

किल्ली तोडणारी डबी मिळते म्हणून कुणी सुचवलं तर ती लावू नका. हॉटेलात किंवा कार्यालयात गिऱ्हाइकांना चॅनल दाखवायचा असेल तर व्यावसायिक जोडणी घ्यावी लागते. घरच्या जोडणीवर आठ पडदे चालवून उद्या तक्रार झाली तर उत्तर मालकांना द्यावं लागतं, हे काम घेतानाच त्यांना स्पष्ट सांगा.

आवाजाचं दुखणं

चित्राबद्दल लोक लगेच फोन करतात, आवाज मात्र सहन करत बसतात. मला आवाज जास्त महत्त्वाचा वाटतो.

काही टीव्हींवर आवाज आणि काहींवर शांतता असेल तर बॉक्स डॉल्बीचा आवाज पाठवतोय आणि सगळ्यांना तो उलगडता येत नाही. बॉक्सच्या सेटिंगमध्ये आवाज 'पीसीएम' किंवा 'स्टिरिओ' करा. ईडीआयडी आधीच स्टिरिओवर ठरवला असेल तर हा प्रश्न बहुधा येतच नाही.

घुमणारा आवाज ही दुसरी गोष्ट. विश्वचषक आला की गल्लोगल्ली अर्जेंटिना-ब्राझीलचे झेंडे लागतात आणि तालमीच्या चौकात पडदे. चारी टीव्हींचे स्पीकर चालू ठेवले की समालोचन विहिरीतून आल्यासारखं ऐकू येतं. प्रत्येक मॉडेल आवाजावर प्रक्रिया करायला वेगळा वेळ घेतं, त्यात आवाजाला स्वतःलाच ३४ मीटर जायला सुमारे १०० मिलिसेकंद लागतात. दोन आवाजांत साधारण ५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त अंतर पडलं की कानाला ते वेगळे ऐकू येतात. म्हणून सगळ्या टीव्हींचे आवाज शून्य करा. आवाज एकाच जागेवरून, स्प्लिटरच्या आधी एचडीएमआयमधून वेगळा काढणाऱ्या डबीतून अँप्लिफायरला द्या. चित्र आवाजाच्या मागे पडत असेल तर टीव्हीवर 'गेम मोड' लावा. त्याने प्रक्रिया कमी होते.

कार्यालयात हे आणखी नाजूक होतं. मांडवात भटजी माइकवर 'सावधान' म्हणतात, अक्षता पडतात, आणि पडद्यावर अंतरपाट अजून धरलेलाच. पडद्यावरचं चित्र कॅमेरा, वायरलेस ट्रान्समीटर, व्हिडिओ मिक्सर (कॅमेऱ्यांची चित्रं निवडून पुढे पाठवणारं यंत्र) आणि टीव्ही अशा चार ठिकाणी थोडं थोडं उशिरा होत येतं. त्याच हॉलमधल्या पडद्यांसाठी वायरलेस आणि नेटवर्कचे एक्स्टेंडर टाळा. कॅमेऱ्यापासून मिक्सरपर्यंत आणि मिक्सरपासून पडद्यापर्यंत तारच घाला. खालच्या मजल्यावरच्या भोजनगृहात मात्र सेकंदभर उशीर झाला तरी काही बिघडत नाही, फक्त तिथला आवाजही चित्राबरोबरच, त्याच तारेतून घ्या. वर जिने चढून जाता न येणारी म्हातारी माणसं तिथेच बसून मंगलाष्टका बघतात. त्यांच्यासाठी ओठ आणि आवाज जुळणं हे हॉलमधल्या भपक्यापेक्षा मोठं आहे, आणि तिथला टीव्ही सगळ्यात शेवटी, उरलेल्या तारेवर लावायची सवय मोडली पाहिजे.

स्पीकरमधून सतत 'हूं' असा घोंगावणारा आवाज येत असेल तर तो ५० हर्ट्झचा, अर्थिंगच्या दोन वेगळ्या वाटांमुळे येणारा. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. आवाज थांबला तर ऑडिओच्या तारेत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. चार्जरची अर्थिंगची पिन कापणारे भेटतात. त्याने आवाज जातो, पण कधीतरी जीवही जाईल, ते करू नका. केबलची गोल वायर किंवा एचडीएमआयचा जॅक हातात घेताना झणझणत असेल तर तेही याच घरातलं दुखणं. दोन पिनांच्या अडॅप्टरांची बॉडी अर्थिंगविना तरंगत असते आणि केबलचं कवच बाहेरून भलतीच पातळी घेऊन येतं. अशा वेळी चालू विजेवर जॅक घातला की पोर्ट जळतो. आधी सगळ्यांचं मेन बंद, मग जॅक, मग मेन. आणि बॉक्स, स्प्लिटर, अँप्लिफायर, मिक्सर एकाच अर्थिंगवर.

पडदे वाढले की एचडीएमआय सोडा

आठ-दहा पडद्यांपर्यंत हे सगळं सांभाळता येतं. त्यापुढे वेगळी वाट धरलेली बरी. कॅमेऱ्याचं थेट चित्र असेल, म्हणजे मिरवणूक, मैदान, लग्न, तर एसडीआय नावाची जोडणी वापरा. ७५ ओहमची एकच गोल तार, वळवून घट्ट बसणारा बीएनसी जॅक, आणि उलट बोलणं मुळीच नाही. ईडीआयडी नाही, किल्ली नाही. १०८०पी चांगल्या तारेवर १०० मीटरच्या आसपास जातं. पडद्याजवळ एसडीआयचं एचडीएमआय करणारी डबी लावा. विसर्जनाच्या दिवशी महाद्वार रोडवर धक्काबुक्कीत जॅक निघत नाही, हा फायदा वेगळाच.

हॉस्टेल, लॉज, दवाखाना अशा ठिकाणी नेटवर्कवरून मल्टिकास्ट, म्हणजे एकदाच पाठवलेलं चित्र सगळ्या टीव्हींनी घेणं, बरं. पण तिथली एक ठरावीक तक्रार आहे: व्हिडिओ सुरू केला की वायफाय मरतं आणि सीसीटीव्ही अडखळतो. साधा स्विच मल्टिकास्टचं पाकीट प्रत्येक पोर्टवर फेकतो, अगदी वायफायच्या राउटरवरही, आणि वायफायवर मल्टिकास्ट सगळ्यात कमी वेगाने जात असल्यामुळे हवाच भरून जाते. आयजीएमपी स्नूपिंग, म्हणजे ज्या पोर्टने मागितलं त्यालाच पाकीट देण्याची सोय, असलेला स्विच घ्या आणि ते चालू करा. ते जमत नसेल तर टीव्हींसाठी स्विच आणि तारा वेगळ्याच ठेवा, इंटरनेटच्या राउटरला त्या जोडूच नका.

काम सोपवताना

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, ज्या बॉक्सवरून किंवा ज्या लॅपटॉपवरून उद्या दाखवायचं आहे तोच लावून तपासा. तपासणीला एक लॅपटॉप आणि लग्नाला दुसरा, असं झालं तर तपासणी वाया गेली. लॅपटॉपवर विंडोज आणि पी ही बटणं दाबून 'डुप्लिकेट' निवडा, झाकण मिटलं तरी झोपणार नाही अशी सेटिंग करा, चार्जर लावा. मग एकेक टीव्ही मुद्दाम रिमोटने बंद करून परत चालू करा आणि बाकीच्या पडद्यांकडे बघत राहा. एकही हलला नाही तर ईडीआयडी नीट ठरला आहे.

प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना तोच नंबर चिकटवा. डिप स्विच कसे ठेवले आहेत त्याचा फोटो काढून छापा आणि स्प्लिटरच्या पेटीच्या झाकणाला आतून लावा. त्याखाली चालू करण्याचा क्रम मोठ्या अक्षरांत लिहा: आधी टीव्ही, मग स्प्लिटर, शेवटी बॉक्स. त्याच पेटीत तेवढ्याच व्होल्टेजचा एक जादा अडॅप्टर आणि दोन मीटरची एक चांगली तार ठेवा, आणि पेटीची किल्ली वॉचमनकडे द्या, कारण रात्री नऊ वाजता मालक गावाला गेलेले असतात.